ताईची साबणाची वडी

"ताई गेली," भावजींचा एवढाच फोन आला, तेव्हा मी बदनापूरला कणीक मळत होते. हात तसेच पिठाचे राहिले... तिला कावीळ झाली होती, पण कावीळ म्हणजे महिनाभर तेल-तूप बंद, मग माणूस उठतं, एवढंच मला ठाऊक. यकृत निकामी होऊन चाळिशीतली बाई आठवड्यात जाते, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

जुन्या जालन्यात ताई ब्लाऊज शिवायची. मशिनला तेल दिलं की साबणाने हात धुतल्याशिवाय कापड धरायची नाही. "गिऱ्हाइकाचं हाय बाई, डाग पडला तर मंग?" शिकायला येणाऱ्या पोरींचे आधी हात हुंगायची, मग सुई द्यायची. अशी बाई दुसऱ्याच्या घाणेरड्या हाताने मेली, याची चीड माझ्या मनातून जात नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

ताईसारखे आणखीही काही जण पिवळे पडले होते. आधी सगळ्यांनी पाणीपुरीवाल्याला धरलं, त्याचा गाडा उलथवला. पण आरोग्य केंद्राच्या सिस्टर घरोघर हिंडल्या. ही कावीळ पोटात गेल्यावर महिनाभराने दिसते, तेव्हा कालचं नको, गेल्या महिन्यात काय खाल्लं ते सांगा, म्हणाल्या. ताईबरोबर पाणीपुरी खाणाऱ्या पोरी ठणठणीत होत्या. पिवळे पडलेले सगळे आमच्या चुलत बहिणीच्या लग्नात जेवलेले, तेही दुसऱ्या पंगतीला. वरण-भात, बुंदी दोन्ही पंगतींना एकच. मठ्ठा तेवढा दुसऱ्या पंगतीसाठी नव्याने केलेला, आणि मठ्ठा काही कुणी उकळत नाही. ताई दोन ग्लास प्याली होती. मी पहिल्या पंगतीला जेवले, म्हणून आज हे लिहिते आहे.

"मठ्ठा कोणी केला?" सिस्टरांनी विचारलं. आमचे चुलते नाना मिशीला पीळ देत म्हणाले, "म्या. कोपरापोतर हात घालून. पळीनं ढवळल्यावर चव न्हाई येत."

लग्नाच्या आठवड्यात नानांचे डोळे पिवळे होते. पण गावातल्या एकाकडे चुन्याच्या पाण्यात हात धुऊन त्यांनी कावीळ 'उतरवून' घेतली होती. पाणी पिवळं झालं, म्हणजे कावीळ गेली, नाना लग्नाला हजर! संडासहून आल्यावर हातावर पाणी ओतलं की त्यांचं झालं. साबणाशी जन्माचं वैर. संडासातूनच हा रोग हाताला लागतो, हाताबरोबर पातेल्यात उतरतो, असं सिस्टरांनी समजावलं.

तेराव्याला हेच नाना मठ्ठ्याचं पातेलं पाहून बाह्या सारत उठले. मी आडवी आले आणि ताईची साबणाची वडी पुढे धरली.

"धुवा. समद्यांच्या देखत."

"चुलत्याचा अपमान करून राह्यली का?"

"हो. बिलकुल करून राह्यले. माझी बहीण गेली, नाना."

नानांनी मान खाली घालून हात धुतले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू... तरी पातेल्याला हात लावू दिला नाही.

परवा एका साखरपुड्यात नाना वाढायला उठले. मी पर्सची चेन उघडली. त्यांनी पाहिलं आणि ते खाली बसले. वडी पर्समध्येच असते. ताईच्या अंगठ्याचा खळगा तिच्यावर अजून आहे. त्या वडीने मी स्वतः कधी हात धूत नाही. ती नानांसाठी ठेवली आहे.