चिठ्ठीबाईंच्या नावाची चिठ्ठी

तर तो दहावीतला ताडमाड मुलगा शाळेच्या कचेरीच्या खिडकीसमोर धापा टाकत उभा, आणि आत बाई उशिराच्या गुलाबी चिठ्ठीवर पेन टेकवून बसलेल्या. "कारण?" मुलानं छताकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. "काही नाही बाई. नुसता उशीर झाला." काल इथवर आलो होतो आपण, आणि मला डुलकी लागली. तर बाईंनी काय लिहिलं असेल? 'कारण : नाही. खरं बोलला.' गणिताच्या सरांनी ती चिठ्ठी वाचली, घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली आणि त्याला पहिल्या बाकावर बसवलं.

शाळा सिस्टरांची. आत शिरलं की डाव्या हाताला चॅपल, उजव्या हाताला कचेरी आणि मधल्या व्हरांड्यात एक लांब बाक. माझी नात आठवीत. तिला पोचवायला मी जातो आणि परतताना त्या बाकावर जरा टेकतो. 'जरा' म्हणजे चांगला तासभर, असं सूनबाईचं म्हणणं. पण सकाळचं ऊन चॅपलच्या रंगीत काचांतून व्हरांड्यात उतरतं, तेव्हा उठवतच नाही हो. फरशीवर निळं-तांबडं पाणी साचल्यासारखं दिसतं. आतून प्रार्थनेचे सूर येतात, पोरं त्या रंगांतून चालत जातात आणि क्षणभर प्रत्येकाचे बूट निळे होतात. मी जागा असतो की झोपेत, माझं मलाच कळत नाही.

त्या रंगांच्या काठाशी कचेरीची खिडकी, आणि खिडकीत बाई. वय पन्नाशीच्या पुढं, चष्मा दोरीला बांधलेला, टेबलावर टाइपरायटर, किल्ल्यांचा जुडगा आणि गुलाबी चिठ्ठ्यांचं पुस्तक. दाखले, हजेरी, फादरांची पत्रं, सिस्टरांच्या नोटिसा, सगळं त्यांच्या हातून जायचं. पण उशिरा आलेल्यानं त्यांची चिठ्ठी घेतल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही, हा नियम. म्हणून पोरांनी नाव पाडलं चिठ्ठीबाई. त्यांना ते ठाऊक होतं. "नाव चांगलंय," म्हणायच्या, "निदान लिहायला सोपं."

माझी शाळा गावातली, एका खोलीची. आमचे मास्तर उशिराचं कारण विचारत नसत, हात पुढं करायला सांगत. म्हणून मला या बाईंचं नवल. आई आजारी म्हणून धाकट्याला जेवू घालून आलेली पोरगी असली, की बाई लिहायच्या, 'घरी काम होतं, ते पूर्ण केलं.' वर्गात कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. माझ्या नातीच्या चिठ्ठ्यांवर मात्र एकच कारण, 'आजोबांची गोष्ट संपली नाही.' आता वाटेत ओळखीचा चांभार भेटला, तर माणसानं काय तोंड फिरवावं?

या वर्षी आठवी 'ब'च्या डोक्यात आलं, की शिकवणाऱ्यांचे आणि शाळा चालवणाऱ्यांचे आभार मानायचे. मोठ्यांनी सांगितलं म्हणून नाही, आपणहून. प्रत्येकासाठी हातानं केलेलं एक कार्ड. पाहुण्यासारखा मीही चॅपलच्या मागच्या बाकावर बसलो. नात यादी वाचत होती, एकेक जण पुढं येत होता. गणिताच्या सरांना लिहिलं होतं, 'फळ्यावर चुकलात तेव्हा “मी चुकलो” म्हणालात, त्याबद्दल.' मुख्याध्यापिका सिस्टरांना, 'फुटबॉलमध्ये आमचा गोल अडवलात आणि मग वाईट वाटून दुसरा होऊ दिलात, त्याबद्दल.' फादरांना, 'परीक्षेच्या आठवड्यात प्रवचन लहान केल्याबद्दल.' फादर इतके हसले की त्यांना रुमाल काढावा लागला. ग्रंथपाल, प्रयोगशाळेचे काका, माळीदादा, सगळे झाले. यादी संपली. टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवत होत्या चिठ्ठीबाई, दाराशी, किल्ल्यांचा जुडगा काखेत धरून. मग त्या हळूच कचेरीत गेल्या आणि टाइपरायटर सुरू झाला.

तो शुक्रवार. संध्याकाळी नात ताटावरून उठली.

"आजोबा, बाईंचं कार्ड कुठंय?"

"दिलं असेल की गं कुणीतरी."

"नाही दिलं! मीच वाचली ना यादी." तिनं दप्तरातून कागद काढला. कचेरीच्या दारावरची कर्मचाऱ्यांची यादी पोरांनी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. सिस्टरांपासून माळीदादांपर्यंत सगळी नावं होती, फक्त एक नव्हतं. ती यादी दर वर्षी टाइप करायच्या बाईच, आणि स्वतःला मोजायचं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"त्यांना काय वाटलं असेल, आजोबा? त्या टाळ्या वाजवत होत्या."

मी तिचं ताट पुन्हा पुढं सरकवलं. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. आता कार्ड द्यायचं तर ते मागाहून आठवल्यासारखं दिसणार, आणि न द्यायचं तर त्याहून वाईट. रविवारी दुपारी तिनं जुनी वही झटकली. त्यातून एक गुलाबी चिठ्ठी पडली, 'आजोबांची गोष्ट' हे कारण लिहिलेली. उचलून तिनं तिचा एकेक रकाना वाचला. मग एकदम मैत्रिणींकडे पळाली.

सोमवारी तिनं मला वाटेत तोंड उघडू दिलं नाही. "आज एक शब्द बोललात तर बघा!" घंटेला अजून वीस मिनिटं होती आणि व्हरांड्यात आठवी 'ब'ची रांग, बेचाळीस जण, बूट निळे-तांबडे. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"काय रे, एवढ्या लवकर? उशीर कुणाला झालाय?"

"आम्हाला, बाई," नात म्हणाली आणि तिनं खिडकीतून एक कागद आत सरकवला. गुलाबी, हातानं रंगवलेला, पण रकाने अगदी बाईंच्या चिठ्ठीसारखे. पाठीमागं बेचाळीस सह्या. बाई पुटपुटत वाचू लागल्या, म्हणून मलाही ऐकू आलं.

"नाव : आठवी 'ब'. किती उशीर : तीन दिवस. कशाला : तुमचे आभार मानायला. कारण : यादी तुम्ही टाइप केली होती आणि आम्ही ती नुसती उतरवली, वाचली नाही."

रंगीत ऊन हळूहळू सरकत त्यांच्या टेबलावर चढलं होतं. टाइपरायटरची बटणं निळी दिसत होती. नातीनं माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की मुंग्या आल्या. बाईंनी कागद दोनदा वाचला, शिक्का उचलला, ठेवला, पुन्हा उचलून कोपऱ्यात व्यवस्थित उमटवला. मग दोरीचा चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या :

"कारण पटलं. चिठ्ठी माझ्याकडेच राहील. आता पळा वर्गात, नाहीतर बेचाळीस चिठ्ठ्या लिहिता लिहिता मलाच उशीर होईल, आणि माझी चिठ्ठी लिहायला इथं दुसरं कुणी नाही."