पेनरोजच्या मैदानावरचा शेवटचा पुकारा

मैदान पाडणार आहेत हे बाबांना ईमेलवरून कळलं आणि मला बाबांच्या बॅगेवरून. बुधवारी ऑफिस सुटल्यावर वेलिंग्टनहून ट्रेनने लोअर हटला घरी आले, तर हॉलमध्ये बॅग भरून तयार, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट. "कुठे निघालात?" म्हटलं, तर त्यांनी मोबाईलवर टाइप करून स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली : 'पेनरोज. शनिवारी शेवटची मॅच. तू नेतेस की बसने जाऊ?'

बाबांना बोलता येत नाही. ईरा, माझी मुलगी, तीन वर्षांची होती तेव्हा घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती नऊची आहे. बाबा गळ्याच्या छिद्रातून श्वास घेतात, त्यावर सुती रुमाल बांधतात आणि जे काही बोलायचं ते टाइप करतात. खोचक बोलणं सुद्धा. टाइप होईपर्यंत त्याची वेळ टळून गेलेली असते, तरी दाखवल्याशिवाय राहत नाहीत.

आणि नेमका आवाज हेच या माणसाचं पेनरोजमधलं नाव होतं. पुण्याहून ऑकलंडला आलो तेव्हा मी आठ वर्षांची. बाबा तिथल्या पेनरोज भागात पॅकेजिंगच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि कारखान्यामागे सॉफ्टबॉलचं मैदान. मी खेळायला लागले आणि बाबा बघायला. क्लबातली निम्मी मुलं माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांची. खेळाडू बॅटिंगला आला की माइकवर त्याचं नाव पुकारायचे, आणि माओरी नावांची दर वेळी चटणी व्हायची. एकदा बाबांनी सहज सगळी यादी वाचून दाखवली, अगदी स्वच्छ. "अगं, हे तर आपल्या बाराखडीतलंच आहे," ते मला म्हणाले, "आणि तो ङ! शाळेत वाङ्मय लिहिण्यापलीकडे आयुष्यात कधी कामाला आला नव्हता." त्या दिवसापासून माइक त्यांचा झाला. मी कॉलेज संपवून नोकरीला लागले तरी दर शनिवारी पुकारा तेच करायचे. पुढे आम्ही लोअर हटला राहायला आलो आणि ते सुटलं.

लोअर हट ते ऑकलंड गाडीने जायचा तुमचा बेत असेल तर माझं ऐका, एका दमात करू नका. नुसतं ड्रायव्हिंगच आठ तासांचं आहे. आम्ही शुक्रवारी सकाळी निघालो. बुल्सपर्यंत रस्ता कंटाळवाणा आहे, ताईहापेला कॉफी आणि पाय, म्हणजे सारण भरलेली पेस्ट्री, यांसाठी थांबा, आणि पेट्रोल तिथेच भरून घ्या, कारण पुढे डेझर्ट रोडवर वारा आणि तपकिरी गवत याशिवाय काही मिळत नाही. डोंगर मात्र दिसले. उन्हाळा संपत आलेला, तरी रुआपेहूच्या माथ्यावर थोडं बर्फ होतं. ईराला फोटोसाठी उतरायचं होतं, पण तो कोरडा वारा बाबांच्या गळ्याला सोसत नाही, म्हणून काचा बंद ठेवून पुढे गेलो. "दॅट्स सो अनफेअर," ईरा म्हणाली. बाबांनी मागे वळून तिला आपल्या पेस्ट्रीतला उरलेला तुकडा दिला. तह झाला.

तौपोला मुक्काम केला. तळ्याकाठची मोटेलं उगाच महाग आहेत; दोन गल्ल्या मागे गेलात तर दोनशे डॉलरच्या आत स्वयंपाकघरासकट खोली मिळते. मी खिचडी टाकली होती आणि बाथरूममधून एका तरुण बाईचा आवाज आला. "तामाती." मग पुन्हा, "तामाती." मग "ङाइरे."

ईरा माझ्याकडे बघायला लागली. मी दार वाजवलं. बाबा बेसिनशी मोबाईल घेऊन उभे, चोरी पकडल्यासारखे. टाइप केलेलं वाचून दाखवणारं ॲप होतं ते. इंग्रजी आवाज नावांची वाट लावत होता, म्हणून या गृहस्थांनी सगळी नावं देवनागरीत लिहून मराठी आवाज लावला होता.

"हे कशासाठी?"

त्यांनी ईमेल उघडून दाखवला. क्लबच्या ङाइरेने विचारलं होतं, शेवटचा पुकारा तुम्हीच कराल ना? खाली बाबांचं उत्तर : येस, विथ प्लेझर.

"बाबा! तुमचा आवाज गेलाय हे त्यांना सांगितलंत तरी का?"

त्यांनी शांतपणे टाइप केलं : 'त्यांनी विचारलं नाही.'

मी तणतणत खिचडी ढवळायला गेले. चारशे माणसांसमोर या माणसाची फजिती झाली तर ती मला बघवणार नव्हती. नको म्हणावं, तर सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कशाला तरी हो म्हटलेलं.

शनिवारी दुपारी पेनरोजला पोचलो. गाडी जरा लांबच लावा, मैदानाच्या बाजूने आता कंटेनरचे ट्रक सतत ये-जा करतात. मैदानाच्या जागी गोदाम होणार आहे. कुंपणाला बोर्ड लागलेला, स्टँडची अर्धी बाकं आधीच उखडून नेलेली. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही, राग आला. इतकं लहान होतं हे मैदान? इथे मी गुडघे फोडले, इथे मला पहिली मैत्रीण मिळाली, या देशात पहिल्यांदा कोणी माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या त्या इथे. आणि ते सगळं दोन ट्रक मावतील एवढ्या जागेत.

आधी कराकिया झाली. कराकिया म्हणजे माओरी प्रार्थना. सगळे टोप्या काढून उभे होते. मग सॉसेज आणि कांदा परतल्याचा वास, आणि गळाभेटी. ङाइरे आता सत्तरीची आहे. तिने माओरी रीतीने बाबांच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं, मग गळ्यावरचा रुमाल बघितला. तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी होकाराची मान हलवली. बाबा तोवर पुकाऱ्याच्या लाकडी खोलीचा जिना चढायला लागले होते.

मॅच आम्हा जुन्या खेळाडूंचीच होती. पहिला बॅटर तामाती. लहानपणी हा बाबांची नक्कल करायचा. बाबा प्रत्येक खेळाडूला रिसेप्शनला पाहुणे बोलवावेत तसं बोलवायचे : "नाऽऽऊ बॅटिंग... काइंडली वेलकम..." आणि तामाती तेच कँटीनमागे म्हणून सगळ्यांना हसवायचा. त्या रागात एकदा मी त्याच्या दंडाला कडकडून चावले होते. आज मला बघून तो ओरडला, "कल्याणी! स्टिल बाइटिंग?"

बाबांनी मोबाईल माइकला लावला. "नाऊ बॅटिंग. काइंडली वेलकम. तामाती," रेल्वे स्टेशनवरची बाई बोलावी तसा आवाज मैदानभर गेला. नाव अगदी बरोबर होतं. काहीजण हसले, वाईट मनाने नाही. पण बाबांचा चेहरा मी पाहिला. आपले शब्द त्या परक्या मुलीच्या आवाजात कर्ण्यातून परत आलेले त्यांनी ऐकले, आणि मोबाईल हळूच खिशात टाकला. मी धावत वर जाऊन माइक घ्यायला हवा होता. गेले नाही.

मग तामातीने बॅट खाली ठेवली, खोलीखाली येऊन उभा राहिला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "नाऽऽऊ बॅटिंग!" तोच सूर, तोच पुणेरी हेल. माझं डोकंच फिरलं. आजसुद्धा? मी दोन पावलं त्याच्या दिशेने गेलेही. आणि वर बघितलं तर बाबा खिडकीतून हाताने खुणावत होते : अजून लांबव, अजून. तामातीने 'ऊ' लांबवला. बाबांनी समाधानाने मान डोलावली आणि डोळे पुसले.

नंतर कोणाला सांगावं लागलं नाही. जो बॅटिंगला येई तो आधी खोलीखाली उभा राहून बाबांच्या आवाजात स्वतःचं नाव पुकारी. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, आज्या झालेल्या, सगळे. सगळ्यांना येत होतं.

ईराने माझी बाही ओढली. "आई, इज दॅट हाऊ आबा टॉक्ड?"

"हो गं, अगदी असंच," म्हणाले आणि मला हुंदका आवरेना. माझ्या लेकीला तिच्या आजोबांचा आवाज आठवत नाही. तिला नक्कलच मिळाली, तीही लोकांकडून.

शेवटी माझी पाळी आली. खोलीखाली उभी राहिले, तोंड उघडलं. काही आलं नाही. आयुष्यभर त्या नकलेशी भांडले मी, कधी शिकलेच नाही. सगळ्या मैदानाला बाबांचा आवाज काढता येत होता, एक मलाच येत नव्हता. वर बघितलं तर खिडकीच्या काचेवर ऊन पडलेलं, बाबा दिसेनात. तशीच बिननावाची प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, गेले आणि तीन चेंडूंत आऊट झाले. टाळ्या भरपूर मिळाल्या. मला नको होत्या त्या.

परतीचा रस्ता तोच, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बाबा हॅमिल्टनपासून झोपले होते. आता परत ट्रेन, ऑफिस, ईराचे डबे. काय उरलं म्हणाल तर, ईरा आंघोळ करताना अधूनमधून 'काइंडली वेलकम' म्हणते. मी बाहेर उभी राहून ऐकते.

परवा ङाइरेने व्हिडिओ पाठवला. पिवळं मशीन लाकडी खोलीच्या छपराला हात घालतंय. मी बाबांना दाखवू की नको करत होते, तोवर त्यांनी मोबाईल घेतलाच. आवाज बंद केला आणि सोफ्यावर बसून बघायला लागले. खोली एका बाजूला कलली, मग दुसरी भिंत गेली. बाबांचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं देवाचं म्हणतायत. मग ओठ 'ऊ'पाशी थांबले, बराच वेळ, आणि मला कळलं. ते पुकारा करत होते. तामाती. ङाइरे. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचे, टाळ्यांसाठी थांबायचे तसे. मी त्यांच्या शेजारी बसून ओठ वाचत राहिले. पडद्यावर आता नुसती धूळ होती. यादी संपत आली, ते पुन्हा थांबले, आणि माझ्याकडे न बघता त्यांच्या ओठांनी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, मधलं त्यांचं स्वतःचं धरून.

"आले, बाबा," मी म्हटलं.