घराने नाकारलेले गाणे

ज्याच्यावर गाणे रचले तो माणूस मेलेला असेल, तर परवानगी कोणाची घ्यायची? बदलापूरजवळच्या चामटोलीच्या सुजितने हा प्रश्न मला विचारला तेव्हा श्रमिकांच्या गाण्यांवरचे माझे काम जवळपास पुरे झाले होते, आणि त्यात हा प्रश्न कुठेच आला नव्हता. अभ्यासाच्या ग्रंथांत गाण्याला कर्ता असतो, गायक असतो, संकलक असतो. ज्याच्या मरणावर गाणे उभे राहिले त्याच्या घराला तिथे जागा नसते. सुजितच्या लेखी मात्र त्या घराची जागा पहिली होती, आणि ही समज त्याला एका फिलिपिनो बँडकडून मिळाली होती.

आयटीआयमधून फिटर झाल्यावर सुजित २०१४ साली मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागला. पुसणे, धुणे, तेलाचे डबे उचलणे हे त्याचे काम. तिथे दानिलो नावाचा फिलिपिनो खलाशी त्याच्याच पाळीत होता. नेग्रोस बेटावरच्या ऊसमजुरांच्या घरातला हा माणूस सुटीवर गेला की गावच्या रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवी. त्या बँडचे नाव सुजितला कधी धड उच्चारता आले नाही. तो ‘दानिलोचा बँड’ एवढेच म्हणे. त्यांची गाणी मळ्यातल्या मजुरांवर, जमिनीवरून उठवलेल्या कुटुंबांवर आणि मारल्या गेलेल्या माणसांवर असत. बँडचा एक नियम होता. नवे गाणे प्रथम ज्याच्यावर असेल त्याच्या घरी न्यायचे, जमिनीवर बसून, कोणतेही यंत्र न लावता ऐकवायचे. घराने मान हलवली तरच ते मंचावर जाई. दानिलोच्या मोडक्या इंग्रजीचे मराठी सुजित असे करी: “गाणं त्यांच्या पोटातून आलंय. त्यांनी नको म्हटलं, तर परत पोटात जाईल.”

वडील आजारी पडल्यामुळे सुजित २०१७ मध्ये परतला आणि अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात कंत्राटी फिटर झाला. लहानपणापासून तो लग्नाआधीच्या हळदीच्या कार्यक्रमांत बेंजो, म्हणजे कळा दाबून वाजवायचे तारवाद्य, वाजवत आला होता. आता त्याने तोच बेंजो अॅम्प्लिफायरला जोडून त्याचा आवाज फाटका, खरखरीत केला. ड्रमवर रघु बसला. तो सुजितचा बालमित्र, त्याच कारखान्यात मदतनीस, आणि हळदीतला नावाजलेला ढोलकीवाला. गिटार पुष्करकडे आली. तो अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात राहणारा, एका कारखान्यातील अधिकाऱ्याचा मुलगा. सरावाला जागा मिळाली उल्हासनगरला, जीन्स शिवणाऱ्या एका सिंधी शेटच्या गाळ्यात. शुक्रवारी औद्योगिक वसाहतीला सुटी असल्याने मशिनी बंद असत. म्हणून बँडचेही नाव ‘शुक्रवार’ पडले. शेट दारातून डोकावून म्हणे, “साईं, इससे तो मेरा मशीन कम आवाज करता है,” आणि चहा पाठवी.

२०१९ च्या फेब्रुवारीत रघु कारखान्याच्या टाकीत उतरला. टाकी धुवायची होती; आत वायू साचला आहे की नाही हे कोणी तपासले नव्हते. शिडी निसरडी होती म्हणून त्याने चपला काढून टाकीच्या तोंडाशी ठेवल्या. तो वर आला नाही. त्याला उतरायला सुपरवायझरने सांगितले, हे सुजितने शेजारी उभे राहून ऐकले होते. कंपनीच्या कागदांत मात्र रघु आपल्या मर्जीने, न विचारता उतरला असे लिहिले गेले. कंपनीने त्याच्या बायकोला, अक्षदाला, पॅकिंग विभागात कामावर घेतले. घरात रघुची आई कौसाबाई आणि अक्षदा, दोघीच उरल्या होत्या. चौकशी तिथेच मिटली.

सुजितने गाणे रचले. त्याची सुरुवात अशी होती:

टाकीच्या तोंडाशी चपला दोन,
उतर म्हणाला, तो होता कोण?

शेवटच्या कडव्यात त्या ‘कोण’चे उत्तर होते, हुद्द्यासकट. गावाने आणि कारखान्याने बेपर्वा ठरवलेल्या रघुचे नाव धुऊन निघेल असे दुसरे काही सुजितपाशी नव्हते. वर्षश्राद्धाच्या दिवशी, पंगत उठल्यावर, त्याने कौसाबाईंच्या ओटीवर बसून नुसत्या बेंजोवर ते गाणे ऐकवले. अक्षदाला सुटी मिळाली नव्हती; ती तेव्हा पाळीवर होती. कौसाबाईंनी शेवटपर्यंत ऐकले.

“गाना खोटा नाय,” त्या म्हणाल्या. “पन तो गायलास, तं अक्षदाचा काम जाल. मंग आमी दोघी काय गाना खावा?”

सुजितने जहाजावर असलेल्या दानिलोला विचारले, घर नाही म्हणाले तर पुढे काय? दानिलोने कळवले की त्यांचा बँड अशा घरी दरवर्षी पुन्हा जातो. सुजितने थांबायचे ठरवले. पुष्करला ते पटले नाही. गाणे टाकीत उतरणाऱ्या प्रत्येकाचे आहे, एका घराला ते दाबून ठेवण्याचा हक्क नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर सुजितने, तुझ्या घरातले कोणी टाकीत उतरत नाही, एवढेच सुनावले. पुष्कर म्हणाला, “मग काय, जन्मभर हळदीच वाजवायच्या का, यार?” त्यानंतर कित्येक शुक्रवार सराव झाला नाही. शेवटी सुजितने तडजोड काढली. घराने नाकारले आहेत ते शब्द. चालीला कोणी नको म्हटलेले नाही. शब्द काढून नुसती चाल वाजवायला हरकत नसावी.

चूक इथे झाली. उसाच्या मळ्यात तयार झालेल्या नियमात हळदीचा विचार असण्याचे कारण नव्हते. या पट्ट्यात हळदीच्या मांडवात जी चाल शिरते ती नाचाची होते. भजन असो, आरती असो, बेंजो पार्टी तिला दुप्पट लयीत घेते आणि मांडव उठतो. २०२१ च्या डिसेंबरात कौसाबाईंच्या शेजारच्या घरी हळद होती. सुजितने चाल वाजवली, आधी संथ. नव्या ढोलकीवाल्याने ती उचलली, लय चढवली, आणि मुले खांद्यावर मुले घेऊन नाचू लागली. बेंजो थांबवणे सुजितला जमले नाही. मांडवात वाजवणारा मध्येच थांबत नाही, हे त्याच्या हातांना लहानपणापासून माहीत होते. कौसाबाई बायकांत बसल्या होत्या. त्यांनी ती चाल एकदाच ऐकली होती, तरी ओळखली. त्या उठल्या आणि हाताला लागलेली हळद पदराने पुसत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुजित ओटीवर गेला, तेव्हा त्यांनी त्याला बसायला सांगितले नाही.

“शब्द होतं तवा निदान रघु तरी होता त्यान,” त्या म्हणाल्या. “तू त्यालाच काढलास, नि त्याचे टाकीवर गाव नाचवलास.”

अक्षदा कंपनीच्या निळ्या कोटात कामावर निघाली होती. ती दारात थांबली आणि कोणते गाणे, असे विचारू लागली. तेव्हा सुजितच्या ध्यानात आले की त्याने घराला विचारले होते, अक्षदाला नाही. रीतीप्रमाणे घरातले वडीलधारे माणूस म्हणजे घर, असे तो धरून चालला होता. त्याने तिथेच उभ्याने, बेंजोशिवाय, सगळे गाणे म्हटले. तिने बस जाऊ दिली.

“नवरा माझा,” ती म्हणाली, “आणि सगळं गाव नाचून झाल्यावर मला ऐकवतोस.” मग तिने सांगितले की ती रोज त्या टाकीवरून जाते, तिथून सुटली की स्वतः कळवील. तोवर नको.

२०२२ मध्ये बँड मोडला. पुष्कर पुण्याला नोकरीस गेला, सुजित पुन्हा जहाजावर. २०२४ च्या मार्चमध्ये कंपनी गुजरातला हलली आणि अक्षदाचे काम सुटले. त्याच आठवड्यात तिने सुजितला फोनवर निरोप ठेवला: “आता गा.” सुजितने रजेवर आल्यावर चामटोलीत एकदा प्रयत्न केला. पहिली ओळ सुरू होताच ओट्यावरची पोरे ताल ओळखून हसली आणि त्यांनी खांदे उडवले. एव्हाना ती चाल बेंजो पार्ट्यांनी गावोगाव नेली होती. त्या दिवशी तो पहिल्या कडव्यापुढे गेला नाही, आणि त्याच रजेत, घराचा होकार हाती असूनही, त्याने मला परवानगीचा तो प्रश्न विचारला.

मे २०२५ च्या लग्नसराईत बदलापूरच्या आसपास अनेक हळदींमध्ये ही चाल वाजली. तिला शब्द नव्हते.