पुतळाबाईंचा हार

अंबडच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काही अडलं की रोशनी आधी एकच विचारते, "काल कोणी काय हलवलं?" आणि समोरचा, मग तो शिपाई असो की मालक, एकच उत्तर देतो, "काहीच नाही." या 'काहीच नाही'वर तिचा काडीचाही विश्वास नाही. त्यामागे कुणाचा तरी हात, पाय नाहीतर झाडू असतोच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून ड्रॉइंगची फाईल खालच्या सर्व्हरवर जाईना. लहान फायली जायच्या, मोठी निम्म्यात तुटायची. फाईल नाही म्हणून खाली मशीनवर काम करणाऱ्या संतोषचं मशीन ठप्प. मालक रंगनाथशेठ जिन्यातूनच म्हणाले, "दुपारपर्यंत बघ. नाहीतर हे काम पुण्याच्या लोकांना देतो, तू स्टोअर सांभाळ."  रोशनीला हे काम मनापासून आवडायचं.

तिने सगळ्यांना विचारलं. काहीच नाही. पासवर्ड बघितला, फायरवॉल बघितली, सर्व्हरवर जागा आहे का बघितलं. सगळं ठणठणीत. सर्व्हरवर कालच्या पूजेचा झेंडूचा भरगच्च हार होता. काल घरच्या माणसांनाही बोलावलं होतं, म्हणून तिची आई पुतळाबाई पेठहून पहिल्यांदाच लेकीचं काम बघायला आली होती आणि हार घालायचा मान तिने हट्टाने घेतला होता. रोशनीने हाराला नमस्कार केला आणि पुन्हा फायरवॉलकडे वळली. पूजेच्या हारावर संशय कोण घेतं?

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. "हार हाय ना गं अजून? पडायचा नाय. त्या निळ्या दोरीला पक्की गाठ मारलीय मी."

रोशनी धावतच सर्व्हरपाशी गेली. निळी दोरी म्हणजे नेटवर्कची केबल. हाराच्या वजनाने ती अर्धी बाहेर आली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने हार हलला की जोडणी तुटत होती. लहान फाईल तेवढ्यात निसटायची, मोठी मध्येच तुटायची. रोशनीला हसूही आलं आणि भरूनही आलं.

"हाय ना हार?" आईने पुन्हा विचारलं.

"हाय आई, लय छान दिसतोय," असं म्हणत तिने एका हाताने गाठ सोडली, हार आपल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि केबल टक् वाजेपर्यंत आत दाबली. फाईल सरळ गेली. बाहेर संतोषचं मशीन सुरू झालं.

शेठ खूश होऊन आत आले. "झालं का? काय हललं होतं गं?"

रोशनीने खुर्चीवरचा हार नीट केला.

"काहीच नाही," ती म्हणाली.