वहिनीनं खोडलेली दुसरी ओळख

माझी वहिनी गोंदियातल्या एका खाजगी दवाखान्यात सर्व्हर सांभाळते. मी निषेधाची पत्रकं लिहितो. घरात दोघांच्याही कामाला कोणी काम समजत नाही, म्हणून आमचं जमतं.

त्या सकाळी मी तिचा डबा द्यायला गेलो आणि भांडायलाच उभा राहिलो. एक्स-रे संध्याकाळपर्यंत बंद, असं मॅनेजर सांगून राहिला होता. बाकावर सालेकशाहून रेल्वेनं आलेली एक म्हातारी, सुजलेलं मनगट पदरात धरून. हाडाचा डॉक्टर दुपारी निघून जाणार, आणि उद्या पुन्हा तिला घेऊन कोण येणार? माणसांनी काय यांच्या सोयीनं पडायचं? मी कागदच काढला.

"भाऊजी, पत्रक मंग लिहा," वहिनी आतून म्हणाली. "आधी पंखा धरा."

जुना सर्व्हर तापला होता, म्हणूनच मॅनेजरला सगळं बंद करून तो थंड होऊ द्यायचा होता. त्या एका डब्यात बरीच व्हर्च्युअल मशीन नांदतात, म्हणजे एकाच यंत्रात चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर. त्यातलंच एक एक्स-रेचं. वहिनीला ते चालू ठेवूनच शेजारच्या नव्या सर्व्हरवर न्यायचं होतं. फोटो तिसरीकडेच, स्टोरेजमध्ये, म्हणजे नुसत्या साठवणीच्या यंत्रात. मागणी कुठल्या सर्व्हरवरून आली ते स्टोरेज बघत नाही, ओळख बघते. म्हणून वहिनीनं त्या मशीनला स्वतःची पोर्टची ओळख, म्हणजे स्टोरेजच्या दारात दाखवायचा नंबर, दिली होती. मशीन जाईल तिथं ओळख सोबत.

पण मशीन जागचं हलेना. प्रत्येक वेळी नकार. "मैडम, बंद कर दो ना," मॅनेजर दारातून म्हणाला.

"आजीचा हात बघून झाला की करतो," मी म्हणालो.

"तुम्ही पंखा हलवू नका," वहिनी.

मग ती स्क्रीनकडे बघून हसायलाच लागली. त्या मशीनला ओळखी दोन मिळतात. एक जुन्या जागेवर चालते, दुसरी नव्या जागी आधी आत शिरते, मगच जुनी सुटते. स्टोरेजला दोन्ही माहीत पाहिजेत. हिनं स्टोरेजच्या यादीतून दुसरी खोडून टाकली होती.

"काऊन खोडली?"

"एकाले दोन कायले, म्हणून."

तिचे वडील अर्जुनी मोरगावकडे गावतलावाचं पाणी वाटायचे. धानाच्या एका बांधीला, म्हणजे खाचराला, पाण्याच्या दोन पाळ्या लावणारा त्या गावात चोर. त्या घरची पोरगी, दुहेरी दिसलं की हात आपोआप खोडतो. मला हा हात फार आवडतो. साहेबलोकांचे हात असे असते, तर माझी निम्मी पत्रकं लिहायची वेळच आली नसती.

तिनं दुसरी ओळखही नोंदवली. या वेळी मशीन गुमान गेलं. म्हातारीचा फोटो निघाला. हाड शाबूत होतं, नुसतं मुरगळलेलं. "गाडी भेटते का वं पोरी?" एवढंच विचारून ती स्टेशनाकडे निघाली.

जेवताना वहिनीनं वडिलांना फोन लावला. "बाबा, आज एकाले दोन पाळ्या देल्या."

"पाणी कोनाचं तुटलं?"

"कोनाचंच नाही."

"मंग चालते," ते म्हणाले. "जेवली का?"