कोच क्रुको आणि त्यांचा ट्रेंट

नेब्रास्कातल्या त्या लहानशा कॉलेजात डेलमार क्रुको अमेरिकन फुटबॉलचे हेड कोच म्हणून आले, तेव्हा संघाची हेल्मेटंसुद्धा दोन रंगांची होती. मक्याच्या शेतांवर वाढलेली दांडगी पोरं त्यांनी गोळा केली, त्यांना शिव्या घातल्या, घाम काढला आणि चार वर्षांत करंडक आणला. गावाने त्यांना डोक्यावर घेतलं.

त्याच हिवाळ्यात दक्षिणेतल्या एका बड्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. बायको इर्माने काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायलाही घेतली होती. पण म्हातारे प्रिन्सिपल घरी आले, क्रुकोंचा हात हातात घेऊन म्हणाले, "डेल, तू आहेस तोवर हे मैदान तुझं." क्रुको विरघळले. इर्माने भांडी परत कपाटात लावली.

पुढे ट्रेंट व्हॅलिक आला. बाप दारुडा, आई परागंदा. वसतिगृहातल्या मारामारीवरून कॉलेज त्याला काढणार होतं. क्रुकोंनी त्याला आपल्या तळघरात ठेवून घेतलं. इर्माने जेवू घातलं, त्याच्या लग्नात ती आईच्या जागी बसली. क्रुकोंनी त्याला आपला मदतनीस केलं, खेळीमागची खेळी शिकवली. दर रविवारी ट्रेंट त्यांच्याकडेच जेवायचा.

सत्तरीला टेकल्यावर लागोपाठ दोन हंगाम पडते गेले. देणगीदार कुजबुजू लागले. शेवटचा सामना हरल्यानंतरच्या रविवारी ट्रेंट जेवायला आला नाही. इर्माने मांसाचा रस्सा दोनदा गरम केला.

सोमवारी सकाळी खाणावळीतली नोरीन कॉफी ओतता ओतता म्हणाली, "चला, सुटलात एकदाचे, कोच! आणि पद घरातच राहिलं की. ट्रेंट म्हणजे तुमचाच."

क्रुकोंनी कप तसाच ठेवला आणि तडक ऑफिस गाठलं. क्रीडा विभागाचा नवा प्रमुख 'सन्मानाने निवृत्ती' असं काहीबाही बोलत होता. त्याच्याकडे क्रुकोंनी पाहिलंच नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत ट्रेंट बसला होता.

"तुला कधी कळलं?"

ट्रेंट बुटांकडे बघत राहिला. "ऑगस्टमध्ये, कोच."

"ऑगस्टमध्ये! म्हणजे सगळा हंगाम माझ्या शेजारी उभा राहिलास, माझ्या टेबलावर जेवलास!"

"मी नाही म्हटलं असतं तर बाहेरचा आणला असता त्यांनी."

"मग आणू द्यायचा होता. परक्याने काढलं असतं तर मी टोपी घालून गुमान निघून गेलो असतो रे."

निरोपाचं जेवण झालं. ट्रेंटने भाषणात सांगितलं, "कोच मला बापासारखे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्रुको उठले आणि म्हणाले, "घर विकायचं ठरवलं, तर पोरगा बापाला निदान सांगतो." मग कोट उचलून चालते झाले. म्हाताऱ्याला पचलं नाही, असं गाव म्हणालं. प्रिन्सिपल कधीच वारले होते. त्यांचा शब्द कुणाला आठवत नव्हता.

पुढच्या शरदात ट्रेंटचा संघ जिंकत सुटला. खेळ्या सगळ्या क्रुकोंच्या. शनिवारी दुपारी मैदानावरच्या आरोळ्या थेट स्वयंपाकघरात ऐकू यायच्या. क्रुको खिडक्या लावून घ्यायचे.

अशाच एका शनिवारी इर्माने निळा कोट चढवला.

"कुठे निघालीस?"

"मैदानावर."

"त्याच्यासाठी?"

"माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय तो, डेल. त्याने वाईटच केलं. पण तुझ्या मैदानापायी मी बांधलेली भांडी एकदा परत कपाटात लावली. आता पोरगा पण सोडू?"

संध्याकाळी ती परतली तेव्हा थंडीने तिचं नाक लाल झालं होतं.

"जिंकलो आपण," ती म्हणाली.

"आपण कोण?"

इर्माने कोट काढला आणि सूप गरम करायला आत गेली.