अप्पांच्या नटाची संध्याकाळ

माझे सासरे, अप्पा, तंजावूरकडचे मराठी. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. एका जुन्या इंग्लिश विनोदी नटावर त्यांचा फार जीव. छोटे विनोदी प्रवेश तो स्वतःच लिहायचा आणि स्वतःच करायचा. मी लग्न करून नाशिकहून चेन्नईला आले, तेव्हा अप्पांची तमिळ वळणाची मराठी मला अर्धीच कळायची आणि माझी त्यांना फार घाईची वाटायची. मग एका दुपारी त्यांनी त्या नटाची सीडी लावली. भलीमोठी शिडी घेऊन लहानशा दारातून आत शिरू पाहणारा तो माणूस बघून आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्या दिवसापासून मला या घरात मोकळं वाटू लागलं.

गेल्या वर्षी तो नट गेल्याची बातमी आली. अप्पा जेवताना म्हणाले, "त्याच्यासाठी काहीतरी करावं, मा." मला ते तमिळ पद्धतीनं 'मा'च म्हणतात.

अण्णा नगरच्या आमच्या अपार्टमेंटचा हॉल मिळाला, प्रोजेक्टर मी ऑफिसातून आणला. अप्पांनी आवडते प्रवेश निवडले आणि मी ते लॅपटॉपवर एकामागे एक जोडले. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहतात. त्यांची सगळी नोकरी इंग्लंडमधल्या एका इस्पितळात झाली. आमच्यात तिथं राहून आलेल्या त्या एकट्याच, म्हणून अप्पा स्वतः जाऊन त्यांना बोलावून आले आणि अगदी पुढची खुर्ची त्यांच्यासाठी धरून ठेवली.

सुरुवात छान झाली. लोक हसत होते, अप्पा मधूनमधून माईकवर माहिती सांगत होते. मग एक प्रवेश आला. नटानं तोंडाला तपकिरी रंग फासलेला, डोक्याला फेटा. तो भारतीय डॉक्टर झाला होता आणि मान डोलवत, र घोळवत एका गोऱ्या बाईला तपासत होता. हॉल हसला. मीही हसले. अप्पांना प्रत्येक वाक्य पाठ होतं, त्यांचे ओठ नटाच्या आधी हलत होते.

पुढच्या खुर्चीवरच्या बाई उठल्या, पर्स उचलून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. त्या लिफ्टपाशी उभ्या होत्या.

"मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

"मला काही झालं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे टीव्हीवर लागलं की दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळे माझ्याशी याच आवाजात बोलायचे. पेशंट, डॉक्टर, सगळे. मी गोळ्या द्यायला गेले की मान डोलवून दाखवायचे. इथं येऊन पुन्हा तो आवाज ऐकावा लागेल असं वाटलं नव्हतं."

लिफ्ट आली, त्या गेल्या. हॉलमधून हसण्याचा आवाज येतच होता. तो प्रवेश मी माझ्या हातांनी जोडला होता. आवाज नीट लागावा म्हणून एकटीनं पुन्हापुन्हा ऐकला होता आणि दर वेळी हसले होते. आत जाऊन मी लॅपटॉप बंद केला आणि अप्पांच्या कानात सगळं सांगितलं. ते माईकवर तमिळमध्ये म्हणाले, "आज इतकंच." लोकांना वाटलं, मशीन बिघडलं. कॉफी पिऊन सगळे गेले.

सकाळी अप्पांनी धुतलेली वेष्टी, तिकडचं पांढरं धोतर, नेसली आणि मला बरोबर घेतलं. बाईंनी दार उघडताच ते म्हणाले, "मी शिक्षक आहे, मॅडम. मला कळायला हवं होतं."

त्यांनी आम्हाला बसवलं. मग आपणहूनच म्हणाल्या, "रेल्वेच्या डब्यात चोरून सँडविच खाणारा माणूस, तो प्रवेशही त्याचाच ना? वॉर्डातल्या टीव्हीवर एकदा लागला होता. एका पेशंटच्या पोटाला ताजे टाके होते, त्याला हसू आवरेना. मी त्याच्या पोटावर उशी दाबून धरली होती आणि मीही हसत होते. नट तोच. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही."

आम्ही निघालो. जिन्यात ते थांबले.

"तू का हसलीस, मा?"

"सगळे हसत होते म्हणून."

"मी घरात एकटा असतानाही हसायचो," ते म्हणाले आणि कठडा धरून सावकाश उतरू लागले.

अप्पा अजूनही त्याचे प्रवेश बघतात. कधी हसल्याचा आवाजही येतो, पण आता खोलीचं दार लोटलेलं असतं. बाई लिफ्टमध्ये भेटल्या की माझी नेहमीसारखी चौकशी करतात. मी उत्तर देते, पण त्यांच्याकडे बघणं मला अजून जमत नाही.